आयाळ उपटणं, कात्री आणि घट्ट वेण्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुम्ही लिहिलंय की शोसाठी घोड्याची आयाळ उपटणं हा सरळसरळ छळ आहे, कात्रीने कापली तर काय बिघडतं, मुळात हात तरी का लावायचा, आणि तुमची घोडी वेण्या घातल्या की भिंतीला मान घासते. यातलं बरंचसं मला पटतं, सगळं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

कात्री सरळ मारली की लांबी कमी होते पण दाटपणा तसाच राहतो, खालची कड झाडूसारखी दिसते आणि वेण्यांचे जाडजूड गोळे होतात. उपटायचं ते विरळ करायला. आतल्या बाजूचे लांब केस, तेही मोजकेच, चिमटीत धरायचे, बाकीचे कंगव्याने वर सारायचे, हातातले कंगव्याला गुंडाळून पटकन ओढायचे, आणि हे रपेट झाल्यावर अंग गरम असताना, कारण तेव्हा केस सहज निघतात. एका दिवसात सगळी मान उरकायची नाही. मूठभर केस धरून हिसडे देणारे लोक असतात, त्याला छळ म्हणालात तर मी तुमच्याच बाजूने आहे. आणि एवढं सांभाळूनही घोडा मान झटकत असेल, कान मागे पाडत असेल तर त्याचं उपटायचंच नाही, विरळ करायचा ब्लेडवाला कंगवा आतून चालवायचा, काम भागतं.

हातच लावू नका म्हणाल तर अरबी घोडे आयाळ लांब ठेवूनच दाखवतात. तिथेही गुंता बोटांनी, टोकाकडून वर येत सोडवावा लागतो. नियमांचं म्हणाल तर एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या) स्पर्धांत १ जुलै २०२१ पासून नाकपुड्यांजवळचे, डोळ्यांभोवतीचे स्पर्श कळणारे केस कापलेला घोडा बाद होतो, आणि ते योग्यच आहे, पण आयाळ त्यात येत नाही.

मला खरी चीड येते ती घट्ट वेण्यांची, आणि त्यावर कुणी बोलत नाही! वेणीच्या मुळाशी कातडी उचलली जाऊन उंचवटे दिसत असतील, घोड्याला मान खाली ताणता येत नसेल तर ती वेणी सोडा आणि परत घाला. आदल्या दिवशी शाम्पू, वर चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रे, मग केस निसटतात आणि माणूस वेणी आणखी आवळत जातो. त्यापेक्षा केस न धुता नुसते पाण्याने दमट करा. रात्रभर वेण्या ठेवू नका, आपला क्लास, म्हणजे शोमधली आपली फेरी, संपली की वेणी बांधलेला दोरा उसवायच्या हुकाने जपून कापा.

तुमची घोडी फक्त वेण्या असतानाच घासत असेल तर बहुतेक त्या आवळल्या जातायत. पण वेण्या नसतानाही, खास करून चिलटांच्या दिवसांत, आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी घासत असेल तर ती चिलटं चावल्याची अ‍ॅलर्जी असू शकते, तेव्हा वेण्या बंद ठेवा आणि आधी पशुवैद्यांना दाखवा.