भिजलेल्या फोनची ओळखपरेड

पावसात खिशातला आयफोन भिजला आणि पडद्यावर ‘फेस आयडी (म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडण्याची सोय) उपलब्ध नाही’ अशी सूचना झळकली, तर फोन बंद करण्याची घाई मुळीच करू नये. फोनच्या आतल्या ओल्या सर्किट बोर्डात वीज खेळती राहिली तरच गंज मनासारखा चढतो. म्हणून तो तत्काळ चार्जिंगला लावावा आणि चष्मा काढून, केस विंचरून, गरज पडल्यास दाढी करून त्याला पुनःपुन्हा तोंड दाखवत राहावे.

त्यानंतर तांदूळ. त्याचे बारीक कण आत जाऊन फोन बिघडू शकतो, असे खुद्द ॲपल सांगते; पण आपल्या डब्यात आंबेमोहर आहे, हे त्या कंपनीला काय ठाऊक? ‘फोन वॉटरप्रूफ आहे’ हेही घोकत राहावे. एक मीटर पाण्यात ३० मिनिटे हा आयपी६७ या पाणी-धूळरोधक दर्जाचा हिशेब प्रयोगशाळेतला आणि कोऱ्या फोनचा असतो, हे विसरलेलेच बरे. सिमच्या खाचेतल्या, पाणी लागताच लाल होणाऱ्या पांढऱ्या खुणेला कुंकू लागले की वॉरंटीचा विषय तसाही संपतो.

एखादा कारागीर ‘आजच उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊ’ म्हणाला, तर तिथून काढता पाय घ्यावा, कारण अशाने फोन वाचण्याचा धोका असतो. त्याऐवजी आठवडाभराने ‘शंभर टक्के ओरिजिनल स्ट्रिप टाकतो, साहेब’ म्हणणाऱ्या दुकानात जावे; स्ट्रिप म्हणजे चेहरा ओळखणाऱ्या भागाची लवचिक पट्टी. २०१७ च्या आयफोन एक्सपासून चेहऱ्यावर तीस हजारांहून अधिक अदृश्य ठिपके टाकणारा एक चिमुकला प्रोजेक्टर फेस आयडीच्या फोनांत असतो आणि त्याची पत्रिका कारखान्यातच त्या एका फोनच्या बोर्डाशी जुळवलेली असते. जुन्या मॉडेलांत दुसऱ्या फोनमधून काढलेला, अगदी अस्सल भाग आणून बसवला, तरी बोर्ड त्याला घरात घेत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारे मोजके कारागीर जुन्याच भागाची पट्टी बदलून, त्यातली मूळ माहिती राखून, हा संसार पुन्हा मांडू शकतात. तेव्हा तो जुना भाग आठवणीने दुकानदाराच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून यावे.

घरी आल्यावर फोन ओळख दाखवत नाही अशी तक्रार केलीच, तर दुकानदार समोरचा कॅमेरा चालू करून आपला खट्टू चेहरा आपल्यालाच दाखवील आणि म्हणेल, ‘सेल्फी तर निघतेय की, साहेब!’