आधी डबा की आधी मनगट?

गेल्या शनिवारी मेलबर्नमध्ये क्रेगीबर्नच्या ट्रेनमध्ये सत्तरीच्या एका आजोबांनी माझ्या हातातला अळूवडीचा डबा ठोसा मारून उडवला. भांडण नव्हतं. प्रात्यक्षिक होतं.

मॅच नुकतीच सुटलेली, गाडीत मुंगीला शिरायला जागा नाही, म्हणून डबा मी डोक्यावर धरलेला. मंडळाच्या पॉटलकसाठी वाफवलेले उंडे. तिथे पोचून कापायचे आणि तळायचे. शेजारी हेच आजोबा, गळ्यात लाल-काळा मफलर, म्हणजे एसेंडन या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचे. "कुठली टीम, मेट?" या शहरात 'कुठलीच नाही' हे उत्तर चालत नाही. मी म्हणालो, "मी आपला क्रिकेटवाला." आजोबांनी अशा नजरेने पाहिलं, की जणू मी हॉस्पिटलमधून पळून आलोय.

"म्हणजे डस्टिन फ्लेचर माहीत नाही? नंबर 31?"

आणि कीर्तन सुरू झालं. पोरगा बारावीत असताना 1993 साली एसेंडनकडून उतरला. बापही त्याच क्लबचा. शाळेचा गणवेश अंगावर आणि समोर टोनी लॉकेटसारखे गोल मारणारे धिप्पाड गडी! (आमच्याकडे बारावीच्या पोराला गॅलरीत चेंडू टप्पे मारू देत नाहीत, मैदान राहिलं दूर.) त्याच वर्षी क्लब अजिंक्य. फायनलमध्ये कार्ल्टनच्या कर्नाहनने याच्यासमोर सात गोल मारले होते; तो 'सात' आजोबांनी खोकल्यात जिरवला. 2000 साली दुसरं अजिंक्यपद. आणि मे 2015 मध्ये, चाळिशी गाठल्यावर, चारशेवा सामना! त्याच्याआधी तिथे पोचलेले फक्त दोघे, टक आणि बार्टलेट.

"पण तो करायचा काय?" मी विचारलं.

तर या खेळात लांबून मारलेला चेंडू हवेत नीट झेलला की निवांत फ्री किक मिळते. म्हणून फुल-बॅकने, म्हणजे आपल्या गोलपुढच्या बचावपटूने, झेलायचं नाही, दुसऱ्याच्या हातात येतायेता चेंडू मुठीने उडवायचा. दुसऱ्याचा घास उडवायचा आणि त्याबद्दल टाळ्या घ्यायच्या! फ्लेचरचे हात तर म्हणे इतके लांब, की मागे उभा राहून पुढच्याच्या डोक्यावरून पोचायचे.

"असे!" म्हणत आजोबा चवड्यांवर उंचावले.

झाकण एकीकडे, उंडे दुसरीकडे. एक उंडा गडगडत थेट दारापाशी गेला. मी मनगट चोळत ओरडलो, "अहो, हाताला लागलं!" त्याबरोबर पिवळ्या-काळ्या मफलरातली एक तरुणी गर्रकन वळली. "हाताला लागलं? मग फ्री किक याची!" झेलणाऱ्याच्या हातावर मारणं हा फाउल असतो म्हणे. आजोबा उसळले, "आधी डब्याला लागलं!" मागचा एक जण म्हणाला, त्याने नीट पाहिलंय, दोन्हीला एकदम लागलं. मला पुन्हा हात वर करून उभं केलं, रिकामा डबा हातात दिला आणि दोन वेगळ्या कोनांतून तपासणी झाली. या गडबडीत दारापाशी गेलेल्या उंड्यावर कुणाचा तरी बूट पडला. त्याचा निवाडा करायला मात्र एकही अंपायर पुढे आला नाही.

शेवटी वर्तमानपत्र मीही वाचतो म्हणून विचारलं, "आणि 2016 च्या जानेवारीतली बंदी?" एसेंडनच्या बंदी असलेल्या औषधाच्या इंजेक्शन प्रकरणात चौतीस आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली होती, त्यात निवृत्त झालेला फ्लेचरही होता. आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. अर्ध्या मिनिटाने पुटपुटले, "क्लबने फसवलं पोरांना." मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. अळूची पानं आणायला मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो होतो, बायकोने अख्खी सकाळ शिरा सोलण्यात घातली होती, आणि या गृहस्थांनी एकदाही 'सॉरी' म्हटलं नव्हतं. उतरताना पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या वेळी घट्ट धर, मेट."

पॉटलकला मी वेफर्सची दोन पाकिटं ठेवली. "भावोजी, यंदा एवढंच?" वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं. बायको उत्तर ऐकायला मुद्दाम जवळ येऊन उभी राहिली.