चार तासांची झोप आणि दोनदा लिहिलेली व्याख्या

परीक्षा जवळ आल्या की एक मेसेज पुन्हा उगवतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण सांगणं तेच. ‘जो झोपला तो संपला. झोप ही निव्वळ सवय आहे. २१ दिवस शरीराला शिकवा, चार तास पुरतात. थोर माणसं चारच तास झोपत. रोजचे चार तास वाचले तर वर्षाचे १४६० तास, म्हणजे पूर्ण ६० दिवस जादा! राहिलेली झोप रविवारी काढा. डोळे मिटायला लागले तर कॉफी आहेच.’ खाली ताकीद: किमान दहा विद्यार्थ्यांना पाठवा.

मी शिकवते, त्यामुळे हा मेसेज मला दरवर्षी चार-पाच जणांकडून येतो. त्यातला गुणाकार बरोबर आहे, हे आधीच कबूल करते. बाकीचं एकेक करून बघू.

‘२१ दिवस शिकवा, सवय होते.’ हा २१ आकडा मुळात झोपेचा नाहीच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘निदान’ गळलं, चेहरा गळला, आकडा तेवढा उरला. आता तो व्यायामापासून झोपेपर्यंत कुठेही चिकटवतात.

बरं, कमी झोपेची सवय होते का, हे कुणी तपासलंय का? तपासलंय, आणि फार नेटकेपणानं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डॉन्गेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे काम प्रसिद्ध केलं. ४८ निरोगी माणसं प्रयोगशाळेतच ठेवली. काहींना रात्री आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चार. सलग १४ रात्री. काही जणांना तर तीन दिवस झोपूच दिलं नाही. जागेपणी दर दोन तासांनी चाचण्या. त्यातली एक अगदी साधी: खूण दिसली की बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उशीर झाला की ती चूक. आठ तासवाले जवळपास जागच्या जागी राहिले. चार आणि सहा तासवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या, आणि दोन आठवड्यांअखेर चार तासवाल्यांची अवस्था सलग दोन रात्री जागलेल्या माणसासारखी झाली.

पण माझ्या मते या प्रयोगातली खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच माणसांना ‘किती झोप येतेय?’ असंही विचारत होते. पहिले काही दिवस उत्तरं वाईट आली, मग ती जवळपास स्थिरावली. चुका वाढतायत आणि माणूस म्हणतोय, ठीक आहे, जमतंय. सवय झाली खरी, पण पेंगण्याची.

म्हणून ‘मी करतोय ना, मला काही होत नाही’ ही साक्ष मी ऐकते आणि सोडून देते. मागे एका मुलानं रात्रभर जागून काढलेल्या नोट्स मला मोठ्या हौसेनं दाखवल्या. पहिली दोन पानं सुबक. तिसऱ्यावर ओळी उजवीकडे उतरायला लागल्या होत्या. चौथ्यावर परासरणाची व्याख्या, मग एक आकृती, आणि खाली पुन्हा तीच व्याख्या, शब्दाला शब्द. शेवटचं वाक्य ‘त्यामुळे पेशी’ इथवर आलं होतं आणि तिथून एक लांब रेघ पानाच्या कडेपर्यंत घसरत गेली होती. मी विचारलं, ‘हे काय रे?’ तर म्हणाला, ‘मॅडम, तीनपर्यंत तर मी व्यवस्थित जागा होतो.’ मी बोट ठेवेपर्यंत दुसरी व्याख्या त्याला दिसलीच नव्हती.

‘थोर माणसं चारच तास झोपत.’ यात हमखास एडिसनचं नाव येतं. एडिसन झोपेला वेळेची नासाडी म्हणायचा हे खरं. पण त्याच्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेतल्या ग्रंथालयात त्याची खाट असायची, आणि दिवसा डुलक्या काढण्यात हा गृहस्थ तरबेज होता. त्या डुलक्या मेसेजात कुणी मोजत नाही.

जन्मतःच कमी झोप पुरणारी माणसं असतात, नाही असं नाही. जनुकशास्त्रज्ञ यिंग-हुइ फू यांच्या गटानं २००९ साली एका कुटुंबातल्या आई आणि मुलीमध्ये डीईसी-२ या जनुकातला असा बदल शोधून काढला. तो अत्यंत दुर्मिळ आहे आणि सवयीनं येत नाही. गंमत म्हणजे, या मायलेकींची सरासरी झोपही सव्वासहा तासांच्या आसपास होती. चार नव्हे.

आता ते १४६० तास. मेसेजातला सगळ्यात मोहात पाडणारा भाग हाच, कारण अभ्यास संपत नाही ही भीती खरी असते. पण या हिशेबात झोप म्हणजे दुकान बंद असल्याचा वेळ धरलाय. प्रत्यक्षात दिवसभर वाचलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करत असतो. जेन्किन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ सालीच दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या आणि काही तासांनी विचारल्या. तेवढेच तास झोपून उठल्यावर जितकं आठवलं, तितकं जागं राहून आठवलं नाही. नंतरच्या शंभर वर्षांत झोपेतली ही उजळणी कशी चालते यावर ढीगभर काम झालं, पण पाया तोच.

याहून अलीकडचं, आणि विद्यार्थ्यांच्या अगदी जवळचं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातलं आहे. तिथल्या एका रसायनशास्त्राच्या वर्गातल्या ८८ मुलांच्या मनगटावर सत्रभर झोप मोजणारे पट्टे होते. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. मुलांच्या गुणांमधल्या फरकापैकी जवळजवळ पाव हिस्सा झोप किती, कशी आणि किती नियमित, याच्याशी जोडलेला दिसला. झोपेमुळेच गुण वाढले असं यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण एक तपशील पाहा: पेपरच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही, दिसला तो आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा. म्हणजे ‘महिनाभर जागतो आणि आदल्या रात्री मस्त झोपतो’ ही हुशारीही फारशी कामाची नाही.

‘राहिलेली झोप रविवारी काढा.’ थोडी निघते, आणि बरंही वाटतं. पण रविवारी दुपारी उठलेल्याला रात्री झोप येत नाही, आणि सोमवारी गजर नेहमीच्याच वेळी वाजतो. शरीराचं घड्याळ विमानानं प्रवास न करताच दुसऱ्या देशात जाऊन येतं. शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ टिल रोएनेबर्ग यांनी याला ‘सोशल जेटलॅग’ असं नावच दिलंय.

कॉफीचं थोडक्यात. दिवसभरात मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं झोप दाटते. कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, त्याला घालवत नाही. त्यातलं निम्मं शरीराबाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात. एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभरापेक्षा जास्त घटली. संध्याकाळच्या कॉफीवर अभ्यास केला की तिचं बिल रात्री येतं, ते असं.

मग किती झोपायचं? १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास, त्यापुढे निदान सात, असं झोपतज्ज्ञ सांगतात. इथे एक गोष्ट पालकांसाठीही. किशोरवयात झोपेची वेळच पुढे सरकते, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा वाढतं. रात्री दहाला गादीवर टक्क जागा पडलेला मुलगा दरवेळी आळशी किंवा फोनवेडा नसतो. ‘लवकर निजे, लवकर उठे’ त्याला ऐकवून ते घड्याळ मागे येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ सालीच सांगितलं की या वयाची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, आणि कॅलिफोर्नियानं २०२२ पासून हायस्कुलांसाठी तसा कायदाच लागू केला. अंथरुणावर पुरेसा वेळ देऊनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर मात्र तो डॉक्टरला दाखवायचा प्रश्न आहे. त्यावर गोळ्यांशिवायचे उपचारही आहेत.

आणि रात्रभर जागून सकाळी गाडीला किक मारणाऱ्यांसाठी: सलग १७ ते १९ तास जागं राहिल्यावर चाचण्यांमधली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी, काही चाचण्यांत त्याहूनही वाईट होते, असं २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं. अनेक देशांत तेवढ्या दारूवर गाडी चालवणं गुन्हा आहे.

यंदा हा मेसेज मला पहिल्यांदा आला तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते. मी तो सकाळी उठल्यावर पाहिला. त्याच मुलानं पाठवला होता, आणि दोनदा.