हळद, चुना आणि आठवीचा वर्ग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आठवीच्या वर्गात मी तंबाखूवर तास घेते, त्याबद्दल लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, नशेनं मेंदूला बरं वाटतं हे तेरा वर्षांच्या मुलांना सांगणं म्हणजे त्यांना वाट दाखवणं. वाईट आहे, हात लावायचा नाही, एवढं बजावलं की झालं, आम्ही तसेच वाढलो. मुलींना हे ऐकवायची गरज काय, असंही विचारलंत. आणि शेवटी आजीचं लिहिलंत : तपकिरीशिवाय चहा नाही, तरी पंच्याऐंशी वर्षं जगल्या.

आजीपासूनच सुरुवात करते, कारण इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरीही अशीच एक आजी होती. आषाढी एकादशीला ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही, पण कनवटीची डबी मात्र दुपारपर्यंत चारदा उघडायची. आम्ही म्हणायचो, "आजी, कॅन्सर होतो." ती म्हणायची, "मला कुठं झालाय?" आमची बोलती बंद. वर्गातल्या मुलांचं नेमकं हेच होतं. बाई म्हणतात, तंबाखू खाल्ली की माणूस मरतो. घरी काका सकाळी पोहे-जिलेबी खाऊन, तोंडात चिमूट धरून, मजेत स्कूटर काढत असतात. मूल काका बघतं आणि बाईंवरचा विश्वास उडतो. त्यानंतर बाई खरं सांगतील तेही वाया जातं.

पाण्यावाचून राहणाऱ्या बाईला तपकिरीवाचून का राहवत नव्हतं, हे तेव्हा कुणी आम्हाला समजावलं असतं तर आजी आम्हाला कळली असती. तपकीर म्हणजे तंबाखूच, आणि नशा तिच्यातल्या निकोटिनची. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. मेंदूत त्याच्यासाठी जणू खुर्च्या असतात. निकोटिन तिथं बसलं की डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. रोज पाहुणा येतो म्हटल्यावर मेंदू खुर्च्या वाढवतो. पाहुणा आला नाही की रिकाम्या खुर्च्या ओरडायला लागतात : डोकं जड, चिडचिड, कशात लक्ष नाही. म्हणजे सुरुवातीचं "बरं वाटणं" लवकरच संपतं, पुढची प्रत्येक चिमूट नुसतं नेहमीसारखं वाटावं म्हणून असते. वर्गात मी "बरं वाटतं" हे पहिलं वाक्य बोलते ते "बरं वाटणं लवकरच संपतं" हे दुसरं बोलता यावं म्हणून. पहिलं लपवलं तर ते पानाच्या टपरीपाशी उभा असलेला मित्र सांगतोच, आणि तो दुसऱ्यापर्यंत येत नाही.

"नाही म्हणा, एवढं पुरे" हा उपाय अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर करून झालाय. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमधून पोलीसच वर्गांत येऊन मुलांना नकार द्यायला शिकवू लागले. पुढे कितीतरी अभ्यासांत दिसलं की ती मुलं आणि बाकीची मुलं यांच्या व्यसनात फारसा फरक पडला नव्हता. नुसत्या माहितीनंही सगळं होत नाही, हे मला मान्य आहे. पण माहितीवाचून दिलेला नकार पहिल्या आग्रहाला ढासळतो.

आता चुन्याचं. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद आहे, नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली बंदी आणणारं देशातलं पहिलं राज्य आपलंच. दुकानदारांनी काय केलं ते इंदूरकराला सांगायला नको : पान मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, तळहातावर एकत्र करा. म्हणून हे मिश्रणच मी शिकवते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर ओल्या चुन्याचं बोट ओढते, पिवळ्यावर लालभडक रेघ उठते. घरी हळदीचं कुंकू करणारी आजी असली तर मूल लगेच ओळखतं. मग विचारते, तंबाखूत चुना कशाला? चव म्हणून, असं उत्तर येतं. खरं कारण असं की चुन्याच्या अल्कलीत निकोटिनच्या रेणूवरचा विद्युतभार जातो आणि ते गालाच्या अस्तरातून सरळ रक्तात शिरतं. हे ऐकताना मागच्या बाकावरची कुजबूज थांबते. चिमूट मळणारा हात त्यांनी रोज पाहिलेला असतो.

आणि सुपारी. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलंय. तिच्यातल्या अरेकोलिन नावाच्या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. वर्गात मी सगळ्यांना तीन बोटं उभी जुळवून दातांमध्ये धरायला सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाची दोनच गेली. त्यानं तिसरं बोट दाबून पाहिलं, ओठ पांढरे पडले. मग हात खाली घेतला आणि वहीत बघत बसला. सुटीत म्हणाला, तिखट खाल्लं की तोंड जळतं, पण पोळी कोरडी खाल्ली की चालतं. गोड सुपारी तो पाचवीपासून खात होता. "तंबाखू तर नव्हती ना, मॅडम?" एवढंच त्यानं विचारलं. त्याच्या आईला घेऊन मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. सुपारी सुटली, तोंडाचे व्यायाम सुरू झाले. पण ताठ झालेला गाल पहिल्यासारखा होत नाही. वाईट आहे, हात लावू नको, हे त्याला घरी रोज सांगितलं जात होतं. तंबाखूबद्दल. सुपारीचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मुलींबद्दल : २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमध्ये तंबाखू घेणारे पुरुष ४२.४ टक्के आणि स्त्रिया १४.२ टक्के होत्या. २०१९ च्या पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांमध्ये मुलगे ९.६ आणि मुली ७.४. मोठ्यांमधलं अंतर लहानांमध्ये जवळपास मिटलंय. तुमच्या मुलीला मी वर्गाबाहेर बसवू शकत नाही, बसवणारही नाही.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे आणि ती मला लागली. मी घटक वाचायला म्हणून रिकामी पुडी वर्गात फिरवली होती. तुम्ही लिहिलंत, तुमच्या मुलीनं घरी येऊन सगळ्यात आधी त्या पुडीचा वास सांगितला, केवडा आणि वेलची. मी शिकवलेलं नंतर. यावर दोन दिवस विचार केला. तो वास त्याच कामासाठी घातलेला असतो, आणि मी तो चाळीस मुलांच्या हातात दिला. यापुढे पुडी वर्गात येणार नाही. घटक फळ्यावर लिहीन. हळदीचा कागद आणि तीन बोटं राहतील. पुढचा तास गुरुवारी आहे, तुम्ही आणि वहिनी मागच्या बाकावर येऊन बसलात तर मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवते.