‘उपाशी ठेवा, झक मारत खाईल’: लॅमिनायटिसच्या पोनीला औषध देण्याचा हा सल्ला पाळू नका

लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज येण्याचा वेदनादायक आजार) झालेला पोनी, म्हणजे लहान चणीचा घोडा, औषध घेत नसेल तर काय करावं, यावर एक सल्ला बरेच दिवस हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: औषध मळीत नाहीतर साखरेत कालवा, एवढ्याशा गोडाने काही बिघडत नाही. तरीही तोंड फिरवलं तर उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत खाईल. तेही जमलं नाही तर डोकं वर बांधून घशात ओता. गोळ्या असतील तर कुटून पूड करा. आणि चार पावलं सरळ टाकायला लागला की औषध बंद करा, कारण ही औषधं पोट जाळतात. वर एक शेरा: पोनी जातीचेच हट्टी, त्यांचे लाड करू नका.

पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. दुखणाऱ्या जनावराच्या पोटात औषध जावं, हीच त्यांची तळमळ आहे. पण यातला एक सल्ला पोनीच्या जिवावर बेतू शकतो, काहींनी दुखणं वाढतं आणि काही अर्धेच खरे आहेत.

आधी तो हट्टीपणाचा शेरा घेऊ, कारण बाकीचे सगळे चुकीचे उपाय त्यातूनच निघतात. लॅमिनायटिसमध्ये बहुतेकदा पहिलं औषध असतं ते वेदना आणि दाह कमी करणारं फिनाइलब्युटाझोन, म्हणजे सगळे ज्याला ब्यूट म्हणतात ते. ते कडू असतं. घोड्याचा वरचा ओठ इतका तरबेज असतो की तो चंदीतले दाणे वेचून पूड तेवढी तळाशी ठेवतो. त्यात खुरांची अवस्था बघा. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना जोडून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजलेले असतात, आणि अख्ख्या शरीराचा भार त्याच जोडावर असतो. पोनी पुढचे पाय पुढे रोवून टाचांवर रेलतो, घोट्यामागे बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडताना लागते. अशा जनावराला काल कोणी कोपऱ्यात दाबून तोंडात कडू काहीतरी कोंबलं असेल, तर आज तो हातातली सिरिंज बघूनच मागे सरकणार. कडू चव, कालची आठवण आणि पायांतली कळ एवढी कारणं समोर असताना त्याला हट्ट म्हणणं अन्याय आहे.

आता गोडाचं. इथे दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं, म्हणून सरळ हिशेब करू. लॅमिनायटिसच्या बहुतांश केसेस हॉर्मोनच्या बिघाडातून येतात: रक्तात इन्सुलिन प्रमाणाबाहेर चढतं आणि त्याचा मार खुरांना बसतो. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की निरोगी पोनींच्या रक्तातलं इन्सुलिन सलग चढं ठेवलं, तर रक्तातली साखर काबूत असूनही 3 दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस होतो. अशा पोनीला साखर देणं म्हणजे इन्सुलिनला आमंत्रण देणं.

200 किलोच्या पोनीला दिवसाला वजनाच्या दीड टक्का, म्हणजे साधारण 3 किलो कोरडं गवत मिळतं असं धरा. त्यात 10 टक्के साखर धरली तरी दिवसभरात, रवंथासारखं सावकाश चघळत, 300 ग्रॅम पोटात जाते. मळीत जवळजवळ निम्मी साखर असते. 200 ग्रॅम मळीत पुडी कालवली तर 100 ग्रॅम साखर एका मिनिटात गेली. दिवसभराच्या गवतातल्या साखरेचा तिसरा हिस्सा, आणि तोही एका घोटात! शिवाय हे एका दिवसावर थांबत नाही. आज चमचाभर मळीने काम होतं, आठवड्यात वाटीभर लागते, कारण कडू चव त्यालाही सवयीची होऊन ओळखू येते.

पण म्हणून गाजराच्या एका कापाचीही भीती बाळगू नका. 10 ग्रॅमच्या कापात अर्धा ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्यात एक छोटी गोळी लपवून जात असेल, तर वेदनेत ताटकळण्यापेक्षा ते हजारपट बरं. ‘गोड म्हणजे विष’ म्हणत औषधच चुकवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा पोनी उगाच सोसतो याचं मला वाईट वाटतं. प्रश्न मात्रेचा आहे.

गोडाशिवायही रस्ते आहेत. मळी न घातलेला बीटाचा चोथा भिजवून मूठभर घ्या. ओला असल्यामुळे पूड त्याला चिकटते, ओठाला वेगळी काढता येत नाही. ब्रिटनमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांना वेगवेगळ्या चवींचं खाद्य देऊन पाहिलं, तेव्हा मेथीची चव वरच्या क्रमांकावर आली होती. पुदिनाही घोड्यांना आवडतो. हा घास आधी दोन-चार वेळा औषधाशिवाय द्या. तो विश्वासाने खायला लागला की मग मधोमध औषध. मात्र घास मूठभरच ठेवा. बादलीभर चंदीत औषध मिसळलं आणि त्याने अर्धी टाकली, तर किती औषध पोटात गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि ‘बहुतेक सांडलं असेल, अजून एक पुडी देऊ’ हे तर नकोच. ब्यूटची नेहमीची मात्रा किलोमागे 2.2 ते 4.4 मिलिग्रॅमच्या घरात असते. 1 ग्रॅमची अख्खी पुडी 200 किलोच्या पोनीला दिली तर किलोमागे 5 मिलिग्रॅम होतात. मोठ्या घोड्याला जी पुडी साधी, ती छोट्या पोनीला एकदा दिली तरी जास्त, दोनदा दिली तर धोक्याची. वजन नजरेने ठरवू नका, छातीभोवती गुंडाळायच्या मापाच्या पट्टीने घ्या.

आता ज्या सल्ल्यासाठी मी हे लिहायला घेतलं, तो: उपाशी ठेवा.

कुत्र्याला एक वेळ जेवण नाही मिळालं तर फारसं बिघडत नाही. पोनीचं तसं नाही. लॅमिनायटिस होणारे पोनी बहुधा लठ्ठ असतात. अन्न थांबलं की त्यांचं शरीर साठवलेली चरबी भराभर रक्तात सोडतं. तेवढी चरबी यकृताला झेपत नाही. रक्तात चरबी साचते, इतकी की नमुना काढून ठेवला तर वरचं पाणी दुधाळ दिसतं. यकृतात चरबी भरते, ते काम सोडू लागतं. याला हायपरलिपिमिया म्हणतात. पोनी, गाढवं आणि अगदी बुटक्या जातीचे घोडे यांना हा धोका सर्वात जास्त, गाभण किंवा दूध पाजणारी मादी असेल तर आणखी. सर्वात फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला लक्षण एकच दिसतं: जनावर मलूल होतं आणि खाणं सोडतं. म्हणजे तुम्ही भूक लागायची वाट बघत बसता आणि त्याची भूकच मरत जाते. मालकाला वाटतं, अजून अडून बसलाय. तोवर वेळ गेलेली असते, आणि या आजारातून वाचणं अवघड असतं.

वेदना, ताण आणि उपास हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो, आणि लॅमिनायटिसमध्ये पहिले दोन आधीच हजर असतात. इन्सुलिन उतरवण्यासाठी हल्ली काही डॉक्टर एर्टुग्लिफ्लोझिनसारखी औषधं वापरतात. त्यांनी रक्तातली चरबी चढू शकते, म्हणून ती चालू असताना तर एक वेळचीही वैरण चुकवू नये. वजन उतरवायचं असतं तेही वैरण बंद करून नाही, मोजून आणि भिजवून. गवत पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं की बरीचशी साखर निघून जाते आणि पोनीचं तोंड चालू राहतं.

अजून एक. औषध सुरू केल्यावर पोनीने खाणंच कमी केलं असेल, तर तो औषधाचा परिणामही असू शकतो. कुशिंगच्या, म्हणजे बहुधा वयस्कर घोड्यांना होणाऱ्या हॉर्मोनच्या आजाराच्या, पोनींना दिलं जाणारं पर्गोलाइड काहींची भूक मारतं. अशा वेळी डॉक्टर काही दिवस ते थांबवून कमी मात्रेपासून पुन्हा चढवत नेतात. तिथे उपाशी ठेवणारा माणूस आधीच मेलेल्या भुकेची परीक्षा बघत बसलेला असतो.

डोकं वर बांधून ओतण्याबद्दल. घोड्याला उलटी करता येत नाही, पण श्वासनलिकेत गेलेलं औषध मात्र त्याला नक्की बाधतं. मान ताणून वर केलेली असताना गिळणं कठीण होतं, आणि घाईने ओतलेलं पातळ औषध फुप्फुसांत उतरू शकतं. त्याहून रोजचा त्रास वेगळाच आहे. झटापटीत पोनी मागे रेटतो, गर्रकन वळतो, आणि ते सगळं त्या सुजलेल्या खुरांवर. वेदना कमी करायचं औषध वेदना देऊन द्यायचं, याला अर्थ नाही.

सिरिंजने देणं मात्र उत्तम, नीट शिकवलं तर. पोनीला औषधाकडे चालवत नेऊ नका, जाड अंथरुणावर जिथे उभा आहे तिथे तुम्ही जा. समोर उभं राहू नका, खांद्याशी उभं राहून म्होरकी हलक्या हाताने धरा. तोंडात गवताचा घास नाही ना ते बघा, नाहीतर तो घासासकट औषध थुंकतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या हिरडीवर मोकळी जागा असते. ओठाच्या कोपऱ्यातून सिरिंजचं टोक तिथून आत सरकवायचं, जिभेच्या मागच्या भागाकडे वळवायचं आणि दट्ट्या सावकाश दाबायचा. एका वेळी थोडंच. जीभ हलली, गळा खालीवर झाला, की पुढचं. डोकं सरळ पातळीत किंवा अगदी किंचित वर, आणि गिळेपर्यंत हनुवटीखाली हात.

याची तालीम औषधाविना करा. रिकामी सिरिंज गालाला लावा, तो स्थिर राहिला की लगेच काढा. मग ओठाच्या कोपऱ्यात, मग साधं पाणी. बक्षीस म्हणून साखर लागत नाही. मानेच्या बुडाशी, पाठ सुरू होते तिथे खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि फ्रान्समध्ये 1993 च्या एका अभ्यासात त्या जागी खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले होते. मान थोडी लांब होते, वरचा ओठ थरथरायला लागतो. तो ओठ दिसला की समजा, उद्याची सिरिंज सोपी झाली. औषध सुरू असतानाही अधूनमधून नुसतं पाणी देत राहा, म्हणजे सिरिंज दिसली की दरवेळी कडूच येणार असं त्याच्या मनात बसत नाही.

‘मग इंजेक्शनच का नाही टोचायचं?’ असंही कोणी विचारतं. ब्यूट स्नायूत टोचलं तर तिथलं मांस सडतं. ते फक्त शिरेत देतात, आणि ते काम डॉक्टरांचं.

गोळी कुटण्याबद्दल एवढंच: पर्गोलाइडची गोळी कुटू नका, ती पूड हवेतून तुमच्या अंगात जाते. माणसांच्या हृदयाच्या झडपांना अपाय होतो म्हणून 2007 मध्ये अमेरिकेत हे औषध माणसांसाठीच्या वापरातून काढून घेतलं गेलं. गोळी थोड्या पाण्यात विरघळू द्या आणि सिरिंजने द्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हातमोजे घालावेत. ब्यूट हाताळल्यावरही हात धुवा, बिनवासाची पूड आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

शेवटचा सल्ला, चालू लागला की बंद करा. यातला अर्धा भाग खरा आहे, आणि तो मी मान्य करते. ब्यूट पोटाला त्रास देतं: जठरात व्रण, मोठ्या आतड्याला सूज, पाणी कमी पीत असेल तर मूत्रपिंडाला इजा. पातळ लीद, तोंडात फोड, पोटाखाली सूज, दात खाणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एक वेदनाशामक पुरेना म्हणून त्यात मनाने दुसरं मिसळू नका, अपाय दुप्पट होतो.

पण चालणं सुधारलं ते बहुधा औषधामुळे सुधारलेलं असतं. आतले पापुद्रे अजून कच्चे असतात. औषध तोडून त्याला बाहेर सोडलं, तर दुखणं उसळतं आणि हाड कवचापासून आणखी सुटून खाली झुकू शकतं. खुराचं कवच महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतं, पुढचा भाग पूर्ण नवा यायला वर्षाच्या आसपास लागतं. तेवढा काळ वेदनाशामक द्यायचं नसतंच. ते किती दिवस आणि कसं कमी करायचं, हे डॉक्टर आणि नालबंद खूर बघून, एक्स-रे काढून ठरवतात. पर्गोलाइडची गोष्ट निराळी. कुशिंग बरा होत नाही, आटोक्यात राहतो, म्हणून ते औषध जन्मभर चालतं. शरद ऋतूत या आजाराचं हॉर्मोन आपोआप चढतं, तेव्हा तर काही पोनींना मात्रा वाढवून द्यावी लागते. नेमक्या त्याच दिवसांत ‘आता बरा दिसतोय’ म्हणून ती गोळी थांबवलेली असेल, तर खुरांवर पुन्हा झटका यायला वेळ लागत नाही.