‘सामान्य माणसाला शांतताच हवी असते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

नार्वावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला खाली चार ओळी खरडून मोकळं होणं मला बरं वाटेना. म्हणून हे वेगळं उत्तर.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एस्टोनियाच्या पूर्व टोकाला, अगदी रशियाच्या सीमेवर, नार्वा नावाचं शहर आहे. तिथे मी काही दिवस राहिले, लोकांशी बोलले, आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाशी कसं वागावं याबद्दल ते काय म्हणतात ते लिहिलं. त्यावर सरांनी लिहिलं : ‘नाटो रशियाच्या दारापर्यंत गेली नसती तर हे युद्ध झालंच नसतं. भीती सरकारं पेरतात, सामान्य माणसाला सगळीकडे शांतताच हवी असते. युक्रेनने थोडी जमीन सोडली तर हजारो पोरं वाचतील. तुम्ही तिकडे राहून त्यांच्याच चष्म्यातून बघता. १९७१ला आपल्या पाठीशी कोण उभं राहिलं होतं, विसरलात का? आणि शांततेची शक्यता किती वाटते?’

सर, तुम्ही तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलात असंही लिहिलंय. तेव्हा ‘सामान्य माणसाला सगळीकडे शांतताच हवी असते’ या तुमच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण लिहिताना मीही तिथेच अडखळले होते.

एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनमध्ये, माझ्याबरोबर काम करणारा एक जण आहे. गेल्या २५ मार्चला संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तो म्हणाला, येतेस का चौकात? स्वातंत्र्य चौकात त्या दिवशी मेणबत्त्या लावतात. फरशीवर हजारो मेणबत्त्या, वाऱ्याने विझतात, माणसं पुन्हा खाली बसून पेटवतात. त्याने तीन लावल्या. एक आजीची, एक पणजीची, एक आजीच्या धाकट्या भावाची. तिसरी पेटेना. हातमोजा काढून, तळहाताचा आडोसा करून त्याने ती चौथ्या काडीला पेटवली.

१९४९च्या मार्चमध्ये, सोव्हिएत राजवटीत, चारेक दिवसांत एस्टोनियातून २० हजारांवर माणसं गुरांच्या वाघिणींत भरून सायबेरियाला नेली गेली. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. त्याची आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती परत आली, तिचा भाऊ आला नाही. चौकातून परतताना तो एवढंच म्हणाला, ‘‘तेव्हा युद्ध संपून चार वर्षं झाली होती.’’

सर, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बंदुका थांबल्या म्हणजे शांतता, असं आपण गृहीत धरतो. त्या घरात बंदुका थांबल्यानंतर गाडी आली. त्या माणसाला शांतता नको आहे का? माझ्यापेक्षा जास्त हवी आहे, त्याला दोन लहान मुली आहेत. पण ‘शांतता’ म्हटलं की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत कुणाचे पोलीस असतील? ही भीती कुठल्या सरकारने पेरलेली नाही. जेवणाच्या टेबलावर, आजीच्या तोंडून ती आलेली आहे. उलट सोव्हिएत काळात त्याबद्दल बोलायलाच बंदी होती.

म्हणून ‘थोडी जमीन सोडली तर’ हे मला पटत नाही. तुम्ही वर्गात पुरंदरचा तह शिकवला असेल. २३ किल्ले दिले म्हणून प्रश्न मिटला, असं तेव्हा ना इकडच्या कुणाला वाटलं असेल ना तिकडच्या. तह वेगळा आणि शांतता वेगळी, हे आपल्या भाषेला चांगलं ठाऊक आहे. शिवाय युक्रेनने सह्या करून पाहिल्या आहेत. १९९४ साली बुडापेस्टला अण्वस्त्रं सोडून दिली आणि बदल्यात सीमांचा मान राखू अशी हमी घेतली. हमी देणाऱ्यांत अमेरिका होती, ब्रिटन होतं आणि रशियाही होता. २०१४ला रशियाने क्रिमिया घेतला. मग पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवायला मिन्स्कचे दोन करार झाले, २०१४चा आणि २०१५चा. दोन्ही बाजू एकमेकांवर करारभंगाचे आरोप करत राहिल्या आणि २०२२च्या फेब्रुवारीत रणगाडे थेट कीव्हच्या रोखाने निघाले. आणि सोडायची ती जमीन रिकामी नसते हो. तिच्यावर माणसं असतात. बुचा हे कीव्हजवळचं छोटं शहर महिनाभर रशियन सैन्याच्या ताब्यात होतं, आणि सैन्य गेल्यावर रस्त्यांवर नागरिकांची प्रेतं सापडली, ती साऱ्या जगाने पाहिली.

आता नाटो. इथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. १९९०च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना ‘एक इंचही पूर्वेला नाही’ असं म्हणाले होते, हे खरं आहे. बोलणं जर्मनीच्या एकीकरणाबद्दल चाललं होतं, लेखी काही झालं नाही. खुद्द गोर्बाचेव्हनी २०१४मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या : नाटोच्या विस्ताराचा विषय तेव्हा निघालाच नव्हता, आणि पुढे जे झालं ते त्या वेळच्या आश्वासनांच्या भावनेला धरून नव्हतं. लोक यातलं आपल्या सोयीचं अर्धं वाक्य उचलतात. १९९९ला सुरक्षा परिषदेला बाजूला ठेवून युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकले, २००३ला इराकवर हल्ला केला, आणि मग नियमांची भाषा केली, तर मॉस्कोत ती कोण ऐकून घेणार? पाश्चात्त्यांचं हे वागणं मला अजिबात मान्य नाही आणि त्याची किंमत आज युक्रेन मोजतोय असं मला मनापासून वाटतं.

पण ‘नाटो दारापर्यंत गेली’ असं म्हणताना आपण एक धरून चालतो, की मधल्या देशांना स्वतःचे पाय नाहीत. एस्टोनिया १९९१ला स्वतंत्र झाला. शेवटचे रशियन सैनिक ३१ ऑगस्ट १९९४ला गेले. नाटोत यायला २००४ उजाडलं. मधली दहा वर्षं दार ठोठावत होते ते एस्टोनियन. फिनलंडचं तर आणखी बोलकं आहे. तिथे कित्येक वर्षं जेमतेम पाव लोक नाटोच्या बाजूने असायचे. २०२२च्या फेब्रुवारीनंतर दोन-तीन महिन्यांत तो आकडा तीन चतुर्थांशावर गेला. आधी लोकांचं मत फिरलं, मग पुढाऱ्यांचं. ४ एप्रिल २०२३ला फिनलंड सदस्य झाला आणि १,३०० किलोमीटरहून लांब सीमा एका दिवसात नाटोची सीमा झाली. पुतिन यांनी मे २०२२मध्येच सांगून टाकलं होतं, की फिनलंड-स्वीडनशी आमचं काही भांडण नाही, त्यांच्या प्रवेशाने थेट धोका नाही. नाटो जवळ येण्याचीच भीती होती, तर ती तिथे सर्वांत जास्त दिसायला हवी होती.

पश्चिम युरोप सगळा एका सुरात बोलतो असंही समजू नका. जर्मनीत दोन पिढ्या या विश्वासावर वाढल्या, की व्यवहार वाढला की वैर कमी होतं. १९७०पासूनचा गॅसचा करार, मग समुद्रातून नॉर्ड स्ट्रीम ही गॅसवाहिनी. २०२१ला जर्मनीच्या निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा होता. पोलंड आणि बाल्टिक देश कानीकपाळी ओरडत होते, बर्लिनला वाटायचं हे जुनी दुखणी उगाळत बसलेत. त्या जर्मन माणसाचा हेतू वाईट नव्हता. आपल्या आजोबांनी रशियात काय केलं याची लाज त्यामागे होती, आणि ती लाज खरी होती. फक्त त्या वाटेत पोलंड, युक्रेन ही घरं लागतात याचा विसर पडला. आजही जर्मनीच्या पूर्व भागात, जिथे १९९४पर्यंत सोव्हिएत आणि मग रशियन फौजा होत्या तिथेच, युक्रेनला शस्त्रं देण्याला विरोध जास्त दिसतो. मला आधी हे कोडं वाटायचं. पण तिथला माणूस मॉस्कोइतकाच बॉनवरही, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या जुन्या राजधानीवरही, रुसलेला आहे, १९९०नंतर बंद पडलेल्या कारखान्यांचा राग त्यात मिसळलाय.

आणि रशियातला सामान्य माणूस? रशियातल्या लेवाडा या जनमत चाचपणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं बहुतेक लोक सैन्याला पाठिंबा देतात. त्याच पाहण्यांत पुष्कळ जण वाटाघाटी व्हाव्यात असंही म्हणतात. पण घेतलेली जमीन परत द्यायची का, असं विचारलं की बहुतेक नाही म्हणतात. ज्या देशात मार्च २०२२पासून सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली म्हणून १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तिथे दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण काय सांगेल, हे तुम्हीच ठरवा. रस्त्यावर उतरलेले होते, हजारोंनी पकडले गेले. त्यांना मी विसरलेले नाही.

आता तुमचा जो आरोप मला लागला त्याकडे येते. ‘त्यांच्याच चष्म्यातून बघता.’

नार्वाची वस्ती पन्नास हजारांवर, त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त रशियन बोलणारे. मूळ शहर १९४४ला सोव्हिएत बॉम्बहल्ल्यांत जळालं, जुन्या रहिवाशांना परतू दिलं नाही, आणि रशियातून कामगार आणून वसवले. आज तिथे राहणारी माणसं त्या कामगारांची मुलं-नातवंडं. त्यांचा गुन्हा काय? मी त्यांच्याशी बोलले, पण लेखात त्यांना चार ओळी दिल्या आणि किल्ल्यावरच्या पुतिनविरोधी फलकाला चार परिच्छेद. हे चुकलं.

म्हणून जे राहिलं ते इथे लिहिते. नार्वा नदीच्या या काठाला हर्मन किल्ला, समोर रशियाचा इवानगोरोद. मध्ये पाणी किती, तर शंभर-दीडशे मीटर. त्यावरच्या पुलाचं नाव मैत्री पूल. फेब्रुवारी २०२४पासून रशियाने आपल्या बाजूने वाहनं बंद केली, त्याच वर्षी मेपासून एस्टोनिया रात्री फाटक लावून घेतो, ऑगस्टपासून प्रत्येक पिशवी तपासतो. त्यामुळे पीटरच्या चौकात पहाटेपासून रांग लागते. मी गेले त्या सकाळी माझ्यापुढे सत्तरीच्या एक बाई होत्या. चाकांची कापडी पिशवी, वर दोरीने बांधलेली उशी. पलीकडे बहीण आजारी, अंथरुणावर. म्हणाल्या, ‘‘पूर्वी दुपारी जाऊन सूप करून संध्याकाळी घरी यायचे. आता सूप करायला दोन दिवस लागतात.’’ रांगेतल्या कुणी युद्धाचं नाव काढत नव्हतं. एकमेकांना फक्त विचारत होते, आज आत किती जणांना सोडलं?

त्या बाईंना मी विचारलं, तुम्हाला रशियात राहायला जायचंय का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘माझी पेन्शन इथे, माझा नवरा इथल्या मातीत.’’ मग जरा वेळाने, ‘‘पण मला इथे कुणी आपलं म्हणत नाही.’’

ऑगस्ट २०२२मध्ये नार्वा शहराबाहेर स्मारक म्हणून ठेवलेला सोव्हिएत टी-३४ रणगाडा सरकारने उचलून संग्रहालयात नेला. तालिनच्या माणसाला तो कब्जाची खूण, नार्वाच्या माणसाने लग्नाच्या दिवशी तिथे फुलं वाहिलेली. सप्टेंबर २०२४पासून शाळा टप्प्याटप्प्याने एस्टोनियन भाषेत होत आहेत. याला माझा विरोध नाही, भाषा आली नाही तर पोरं मागे पडतात, ते माझ्याच मुलाच्या बाबतीत मी पाहिलंय. पण २०२५च्या मार्चमध्ये घटना बदलून रशियन नागरिकांचा स्थानिक निवडणुकीतला मताचा हक्क काढला, तो निर्णय मला चुकीचा वाटतो. ज्यांच्याकडे कुठलंच नागरिकत्व नाही, ज्यांना इथे राखाडी पासपोर्टवाले म्हणतात, त्यांचं २०२५च्या ऑक्टोबरचं मतदान शेवटचं ठरलं. माझ्या शेजारच्या आजी त्यातल्या. तालिनच्या लास्नामाए भागात आमच्याच जिन्यात राहतात, माझ्या मुलाला त्यांनी सांभाळलं. मत देऊन आल्या तेव्हा अंगावर सणाचा कोट होता. रस्त्यातला खड्डा, बसची वेळ यावरचं मत काढून घेऊन कुठली सुरक्षा वाढते, हे मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. रशियन भाषकांचा छळ होतो असं मॉस्को कांगावा करतं, तो कांगावाच आहे. पण म्हणून त्याला आयतं कोलीत द्यायचं का?

१९७१बद्दल थोडं. मी विसरलेले नाही. माझे वडील सुरक्षा परिषदेत आपल्या बाजूने वापरलेल्या त्या व्हेटोंची गोष्ट सांगतच आम्हाला वाढवत आले. पण व्हेटो सोव्हिएत संघाचा होता, आणि त्या संघात युक्रेनही होता. आपल्या हवाई दलाची एएन-३२ विमानं कीव्हच्या अँतोनोव्हची. माझगाव गोदीत बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांची गॅस टर्बाइन मिकोलाइव्हची, आणि त्या मिकोलाइव्हवर या युद्धात क्षेपणास्त्रं पडली आहेत. ऋण मानायचं तर दोघांचं मानू या.

शांततेची शक्यता किती, असंही तुम्ही विचारलंत. २०२५च्या ऑगस्टमध्ये अलास्कात ट्रम्प-पुतिन भेटले तेव्हा नार्वातल्या एका खानावळीत टीव्ही चालू होता, आणि इतर वेळी कशावरच एकमत न होणारी दोन टेबलं तेव्हा एकच बोलत होती, की आपल्याबद्दल आपल्याला न विचारता ठरवतील. बंदुका थांबतील असं मलाही वाटतं, कधीतरी दोघंही थकतील. पण त्यानंतर पहारा कोण देणार, हे ठरल्याशिवाय माझ्या सहकाऱ्याच्या घरात कुणी निवांत झोपणार नाही. आणि तो पूल बंद पडला तर त्या रांगेतल्या बाईंच्या घरात शांतता येणार नाही. मला दोन्ही हव्यात, पहाराही आणि पूलही. एस्टोनियात सध्या पूल कायमचा बंद करा म्हणणारे वाढत आहेत. त्यांना मी तुम्हाला लिहितेय तितक्याच कळकळीने सांगते, की माणसांपुरता तरी उघडा ठेवा.

सर, डिसेंबरात मी पुन्हा नार्वाला जाणार आहे. या वेळी लेख त्या रांगेबद्दलच लिहीन. त्या बाईंना, किंवा पलीकडून येणाऱ्या कुणाला, तुम्हाला काही विचारायचं असेल तर खाली लिहून ठेवा. माझं रशियन मोडकंतोडकं आहे, पण शेजारच्या आजी बरोबर येते म्हणाल्यात.