उमेदच्या बचत गटात नाव दिलं की लाख रुपये? : खुलासा

उमेद म्हणजे गावातल्या बायकांचे बचत गट उभे करणारं सरकारी अभियान. त्याच्या नावाने रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "उमेदच्या गटात नाव द्या, प्रत्येक बाईच्या खात्यात एक लाख जमा, फेडायची गरज नाही." हे खोटं आहे. पुढे पाठवू नका, आणि फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

2011 पासून राज्यात चालू असलेलं उमेद अभियान असे पैसे वाटत नाही. दहा-वीस बायकांचा गट दर आठवड्याला बसतो. ठरलेली बचत जमते, त्यातूनच आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेबवही. ही पंचसूत्री किमान तीन महिने पाळली की फिरता निधी, म्हणजे गटाने आपसात कर्ज म्हणून फिरवायची रक्कम, मिळू शकतो. तो गटाचा, एकट्या बाईचा नव्हे. पुढे गटाला 20 लाखांपर्यंत बँकेचं कर्ज विनातारण मिळतं, पण ते फेडावंच लागतं.

मग उपयोग काय? मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) पिकतात तेव्हा बघा. हातात पैसा नसला की फळ व्यापारी सांगेल त्या भावात जातं. गटातून चार-पाच हजार मिळाले तर मीठ, बरण्या, फोडणाऱ्यांची मजुरी भागते. सालं मीठ घातलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसुलं घरचीच, आगळही (कोकमाचा खारवलेला रस). ती पावसाळाभर सावकाश विकता येतात. सावकाराची पायरी चढावी लागत नाही, हे मला लाखाच्या आमिषापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

गटात यायचं असेल तर गावातल्या सीआरपी ताईंना (गटांना मदत करणारी उमेदची गावातलीच कार्यकर्ती) किंवा पंचायत समितीतल्या उमेदच्या तालुका कक्षात विचारा.